सगळा रशियन सोलो पियानो रिसायटल करायचाय, प्रोग्रॅम कसा लावू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे पुण्यात नोकरी करतात, पियानोचा डिप्लोमा झालाय, रोज साधारण दोन तास सराव होतो. जानेवारीत दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये पहिला सोलो रिसायटल करायचाय आणि त्यात फक्त रशियन संगीत वाजवायचंय. लिस्टमध्ये राखमानिनोवचा दुसरा सोनाटा, बालाकिरेवचं इस्लामे, प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा आणि शेवटी मुसॉर्ग्स्कीचं पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन. यातलं पिक्चर्स डिप्लोमाला पूर्ण वाजवलंय, राखमानिनोवची पहिली मूव्हमेंट (भाग) बऱ्यापैकी बसलीये, प्रोकोफिएव्हची फक्त शेवटची मूव्हमेंट येते, इस्लामे आत्ताच सुरू केलंय. क्रम काय ठेवू आणि इंटरव्हल कुठे घेऊ, असं विचारलंय.

तुम्ही क्रम विचारताय, पण मला वाटतं खरी अडचण क्रमाची नाहीये. ही चारही अशी कामं आहेत की ज्यांच्यावर लोक आपला कार्यक्रम संपवतात. तुमच्या लिस्टमध्ये चार शेवट आहेत आणि सुरुवात एकही नाही, त्यामुळे ते कसेही उलटसुलट लावले तरी ऐकणाऱ्याला फरक पडणार नाही. नुसती मिनिटं मोजा: पिक्चर्स ३२ ते ३५, राखमानिनोव २० ते २५ (कुठली आवृत्ती वाजवता त्यावर), प्रोकोफिएव्ह १८ च्या आसपास, इस्लामे ८-९. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं निव्वळ वाजवणं आणि त्यातलं बरंचसं पूर्ण ताकदीचं. आणि हातांच्या आधी कान थकतात हो. वीस मिनिटं सलग फोर्टिसिमो (खूप मोठ्या आवाजातलं वाजवणं) ऐकल्यावर पुढचा फोर्टिसिमो कितीही मोठा वाजवा, तो मोठा वाटतच नाही. आपल्याकडे मैफिलीत कुणी एकामागून एक चार तराणे गात नाही, आधी विलंबितात जागा तयार होते मगच द्रुताला अर्थ येतो, हे मराठी श्रोत्याला सांगावंही लागत नाही, पण पियानोचा प्रोग्रॅम लावताना आपणच ते विसरतो कारण डोक्यात श्रोत्याऐवजी परीक्षक बसलेला असतो.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यावर बदलू शकतं. तुमच्या हाताचा पंजा किती ताणला जातो, म्हणजे एका हातात दहावा स्वर आरामात येतो की तोडून घ्यावा लागतो. हॉलचा पियानो किती फुटी आहे. येणारे लोक कोण, पियानो शिकणारे की घरचे, ऑफिसातले, शेजारचे. आणि डिप्लोमाला पिक्चर्स वाजवून किती काळ लोटलाय. मी असं धरून चालते की हात मध्यम आहे, पियानो लहान ग्रँड आहे आणि अर्ध्याहून जास्त लोक हे संगीत पहिल्यांदा ऐकणार आहेत. यातलं काही चुकत असेल तर सांगा.

माझी पद्धत अशी आहे की आधी एकच मोठं काम ठरवायचं आणि बाकी सगळं त्याच्या गरजेप्रमाणे मागे मागे रचत जायचं. तुमच्यासाठी ते काम पिक्चर्सच असावं असं मला स्पष्ट वाटतं. एक तर ते तुम्ही लोकांसमोर पूर्ण वाजवलेलं आहे, आणि रोजचे दोन तास हाताशी असताना याची किंमत फार मोठी आहे. एकदा बसलेलं, मग सोडून दिलेलं आणि पुन्हा उचललेलं काम नव्याने शिकलेल्या कामापेक्षा स्टेजवर कितीतरी पक्कं उभं राहतं, हे मी विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षं बघतेय. दुसरं म्हणजे त्याला गोष्ट आहे. व्हिक्टर हार्टमन हा आर्किटेक्ट आणि चित्रकार, मुसॉर्ग्स्कीचा मित्र, १८७३ मध्ये चाळिशीच्या आतच गेला. पुढच्या वर्षी समीक्षक स्तासोवने पुढाकार घेऊन सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या कामांचं प्रदर्शन भरवलं आणि ते बघितल्यावर जून १८७४ मध्ये मुसॉर्ग्स्कीने काही आठवड्यांतच हे सगळं लिहून काढलं. चित्रासमोरून चित्रासमोर चालत जाणारा माणूस म्हणजे ते प्रॉमेनाड. पियानोबद्दल काहीही माहीत नसलेला माणूससुद्धा एवढ्या धाग्यावर अर्धा तास तुमच्याबरोबर चालतो. सोनाट्याचं तसं नाही, तिथे श्रोत्याला रचनेची थोडी तरी सवय लागते.

बाकीच्या तिघांना का बाजूला ठेवायचं तेही सांगते, कारण नुसतं नको म्हटल्याने मन ऐकत नाही.

इस्लामे आत्ता सुरू केलंय म्हणताय, तर आत्ताच थांबवा, निदान या जानेवारीपुरतं. त्यातल्या उड्या, एकाच स्वरावरचे झपाट्याचे ठोके आणि दोन्ही हातांची एकमेकांत गुंतलेली बोटं यासाठी रोज बराच वेळ ताज्या हाताने बसावं लागतं, आणि तुम्ही दिवसभर कीबोर्ड बडवून संध्याकाळी थकलेल्या हाताने बसणार. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकत असताना रशियन संगीतकार स्क्रियाबिनने फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची डॉन जुआनवरची फँटसी आणि हेच इस्लामे यांचा अति सराव करून उजवा हात दुखावून घेतला होता. त्याच काळात त्याने डाव्या हाताकडे जास्त लक्ष दिलं आणि १८९४ मध्ये फक्त डाव्या हातासाठी ओपस (रचना-क्रमांक) ९ चे दोन तुकडे लिहिले. स्क्रियाबिनच्या हाताचं हे झालं. कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं किंवा करंगळीत मुंग्या आल्या तर त्या दिवशी पियानो बंद करायचा, आणि दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. दुखणं सहन करून वाजवल्याने ताकद वाढते हा समज अजून बऱ्याच क्लासेसमधे आहे आणि तो धोकादायक आहे.

प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा हा युद्धकाळातला, १९४२ मध्ये पूर्ण झालेला, १८ जानेवारी १९४३ ला पियानिस्ट रिख्तरने मॉस्कोत पहिल्यांदा वाजवला. त्याची शेवटची मूव्हमेंट सात-आठच्या (७/८) मापात सुसाट धावते आणि तुम्हाला तेवढीच येते, म्हणून ती एकटी वाजवायचा मोह होणार. बरेच जण वाजवतातही. पण मधल्या संथ मूव्हमेंटची ती जड ऊब आधी ऐकली नसेल तर ती धाव नुसती जिम्नॅस्टिक होऊन बसते, आणि मला ते त्या संगीतावर अन्याय केल्यासारखं वाटतं. पूर्ण शिका, दोन वर्षांनी वाजवा.

राखमानिनोवच्या दुसऱ्या सोनाट्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, १९१३ ची मूळ आणि १९३१ ला त्याने स्वतः बरीच कापून छोटी केलेली, शिवाय पियानिस्ट होरोविट्झने संगीतकाराच्या परवानगीने दोन्ही मिसळून केलेलं एक रूप. तुम्ही कुठली शिकताय ते लिहिलं नाहीये. हे आधी ठरवावं लागतं, कारण बोटं एकदा एका रस्त्याने गेली की मधेच दुसरी आवृत्ती उघडली तर स्मरणाचा गोंधळ होतो. पहिली मूव्हमेंट झालीये हे चांगलंच आहे, पण पिक्चर्सच्या शेजारी हा सोनाटा ठेवला तर दोघंही घंटानादाने भरलेले आहेत आणि एक दुसऱ्याला खाऊन टाकतो.

मग पिक्चर्सच्या आधी काय? पिक्चर्समध्ये जे कमी आहे ते आधी द्यायचं. त्यात भलामोठा आवाज आहे, नाट्य आहे, विचित्रपणा आहे, पण लांब श्वासाची गाणारी चाल फार कमी जागी आहे, जुन्या किल्ल्याचं चित्र सोडलं तर नाहीच म्हणा. म्हणून पहिला अर्धा भाग गाण्याचा असावा.

सुरुवात चायकोव्हस्कीच्या द सीझन्सपासून करा. बारा महिन्यांचे बारा तुकडे, १८७६ भर सेंट पीटर्सबर्गच्या एका संगीत मासिकात दर महिन्याला एक असे छापून आले होते, म्हणजे घरी पियानो असलेल्या साध्या लोकांसाठीच लिहिलेले. त्यातले जून, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर घ्या. जूनचं बार्कारोल (नावाड्याचं गाणं) जी मायनरमधलं, सगळ्यांना कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं, हात थरथरत असले तरी पहिल्या दोन ओळीत सावरता येतं. ऑक्टोबर अतिशय उघडा तुकडा आहे, त्यात लपायला जागा नाही, उजव्या हाताची चाल आणि तिला मधल्या आवाजातून मिळणारं उत्तर हे दोन माणसांसारखं वेगळं ऐकू यायला हवं. नोव्हेंबर म्हणजे त्रोइका, घुंगरांची बर्फगाडी, राखमानिनोव स्वतः हा तुकडा वाजवायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, ऐका जरूर. तिन्ही मिळून १३ मिनिटांच्या आसपास.

काही जण म्हणतील की चायकोव्हस्कीचे हे तुकडे तर ग्रेडच्या मुलांचे, डिप्लोमावाल्याने रिसायटलमध्ये काय वाजवायचे. मी हे अजिबात मानत नाही. ऑक्टोबर नीट वाजवणारा माणूस मला इस्लामे रेटून नेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहतो.

त्यानंतर राखमानिनोवचे चार प्रेल्यूड (छोट्या स्वतंत्र रचना). ओपस ३२ नंबर ५ जी मेजर, मग ओपस ३२ नंबर १० बी मायनर, मग ओपस ३२ नंबर १२ जी शार्प मायनर, आणि शेवटी ओपस २३ नंबर ५ जी मायनर, तो मार्चसारखा सगळ्यांचा आवडता. जी मेजरमध्ये डावा हात पाच-पाच स्वरांचे गट वाहत ठेवतो आणि वर चाल निवांत तरंगते, त्रोइकाच्या नंतर लगेच हवा बदलते. बी मायनर हा या गटाचा कळस, मोठ्या कॉर्ड्सचा, सहाएक मिनिटांचा. हात लहान असेल तर हा सोडा आणि त्याच्या जागी ओपस २३ चा नंबर ४ डी मेजर घ्या, तिथे ताण आहे पण तो वेळ घेऊन सोडवता येतो. जी शार्प मायनरमध्ये उजवा हात वर चमचमत राहतो आणि चाल बहुतेक डाव्या हातात, ती डाव्या हाताने एकट्याने गाता येईपर्यंत दोन्ही हात जोडू नका. हा गट साधारण १५-१६ मिनिटं.

जी मायनर शेवटी ठेवायला माझ्याकडे एक खास कारण आहे. सगळ्यांना वाटतं तो धडाक्यात संपतो, पण तो हळू होत होत जी वर विरून जातो. आणि पिक्चर्सचं पहिलं प्रॉमेनाड उजव्या हाताच्या एकट्या ओळीने सुरू होतं, तिचा पहिला स्वर जी, आणि स्केल बी फ्लॅट मेजर म्हणजे जी मायनरचीच जोडीदार. मधे टाळ्या होऊ दिल्या तरी कान तो धागा धरून ठेवतो. इंटरव्हल घेतली तर हे जातं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की एक तासाच्या प्रोग्रॅमला इंटरव्हल नको. प्रेल्यूड संपल्यावर उठा, वाकून नमस्कार करा, आत जाऊन पाणी प्या, मनगटं सैल करा, मिनिट-दीड मिनिटात परत या. हात गार पडत नाहीत आणि लोक चहाच्या मागे पांगत नाहीत. हॉलवाल्यांचा इंटरव्हलचा आग्रहच असेल तर मात्र दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

म्हणजे आत्तापर्यंत ठरलं ते असं: चायकोव्हस्की तीन, राखमानिनोव चार, छोटी विश्रांती, पिक्चर्स. वाजवणं साठ-बासष्ट मिनिटं, टाळ्या आणि बोलणं धरून सत्तरच्या आत. नवीन शिकायचं फक्त पहिल्या भागातलं, आणि तेही छोट्या छोट्या तुकड्यात, एखादा बसला नाही तर गळून पडला तरी प्रोग्रॅम मोडत नाही. राखमानिनोवने १९३१ मध्ये कोरेल्लीच्या नावाची व्हेरिएशन्स लिहिली, आणि संगीतकार मेट्नरला पत्रात कळवलं की श्रोत्यांचा खोकला वाढला की तो पुढचं व्हेरिएशन गाळायचा, एका गावात तर वीसपैकी दहाच वाजवली. एवढा मोठा माणूस हॉलचा अंदाज घेऊन कापत होता, तर आपण एक प्रेल्यूड कमी केला म्हणून काही बिघडत नाही.

मेट्नरचं नाव निघालंच आहे तर एक पर्याय सुचवते. राखमानिनोवच्या कॉर्ड्स हाताला बसतच नाहीयेत असं दिसलं तर त्या जागी मेट्नरचा सोनाटा रेमिनिसेन्झा ठेवा, ओपस ३८ मधला पहिला, ए मायनर, एकाच मूव्हमेंटचा, १४-१५ मिनिटांचा. हाताला सोयीचा आणि मनाला फार खोल. याचा भारताशी खरा संबंध आहे: म्हैसूरचे महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये मेट्नरच्या संगीताच्या रेकॉर्डिंग्जसाठी पैसा दिला, आजारी आणि विस्मरणात गेलेल्या मेट्नरने त्यात स्वतः वाजवलं, आणि तिसरा पियानो कन्चेर्टो त्याने महाराजांना अर्पण केला. हे दोन वाक्यात सांगितलं तर तुमचा श्रोता किती वेगळ्या कानाने ऐकेल बघा.

आता पिक्चर्सबद्दल जरा सविस्तर, कारण तुमचा रिसायटल इथेच उभा राहणार.

पहिली गोष्ट नोट्स कुठल्या वापरता. हे काम मुसॉर्ग्स्की गेल्यावर पाच वर्षांनी, १८८६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोवने संपादित करून छापलं आणि त्यात त्याने काही बदल केले. सगळ्यात मोठा फरक बिड्लोमध्ये आहे, ती बैलगाडी. हस्तलिखितात ती सुरुवातीपासूनच फोर्टिसिमो आहे, गाडी थेट तोंडासमोर उभी. छापील जुन्या आवृत्तीत ती हळू सुरू होऊन जवळ येते, आणि रॅव्हेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी केलं ते याच पद्धतीने, म्हणून सगळ्यांच्या कानात तेच बसलंय. हस्तलिखितावर आधारलेली उर्टेक्स्ट प्रत घ्या, म्हणजे संपादकाचे बदल नसलेली. आणि एकूणच जानेवारीपर्यंत रॅव्हेलची ऑर्केस्ट्रा ऐकणं बंद ठेवा असं मी सांगेन. ट्रंपेट आणि तुबाचा आवाज डोक्यात धरून पियानोवर वाजवायला गेलं की माणूस फक्त जोर लावतो. पियानोचा स्वर लावल्या क्षणापासून विरायला लागतो, मुसॉर्ग्स्कीने ते माहीत असूनच लिहिलंय, विशेषतः कॅटाकोम्बमध्ये (जमिनीखालच्या थडग्यांचं चित्र), जिथे एक कॉर्ड लावायची आणि ती मरताना ऐकत बसायचं. तिथे घाई करणारे फार. मनात मोजू नका, ऐका, आणि आवाज खरंच खाली गेल्यावर पुढची कॉर्ड लावा.

प्रॉमेनाड पाच आहेत आणि स्मरणशक्तीचा खरा खड्डा तिथे आहे. सगळ्यांची चाल एकसारखी, स्केल वेगवेगळी: बी फ्लॅट, ए फ्लॅट, बी मेजर, डी मायनर आणि परत बी फ्लॅट. स्टेजवर मन जरा हललं की पाचव्यातून पहिल्यात शिरायला होतं आणि अख्खा मधला भाग परत सुरू व्हायची वेळ येते. यावर माझा उपाय साधा आहे, पाचही प्रॉमेनाड एकामागून एक, मधली चित्रं न वाजवता रोज एकदा वाजवायची, आणि प्रत्येकाचं शेवटचं माप कुठल्या चित्रात उघडतं ते तोंडाने म्हणायचं. महिनाभरात पक्कं होतं. आणि त्याचं माप पाच आणि सहाचं आलटून पालटून आहे, तो चालणारा माणूस आहे, संचलन करणारा सैनिक नाही, त्यामुळे प्रत्येक मापाच्या पहिल्या ठोक्यावर दणका देऊ नका.

गोल्डनबर्ग आणि श्मुइले या दोन माणसांच्या चित्रातले एकाच स्वरावरचे भराभर ठोके तुमच्या बोटांइतकेच पियानोच्या ॲक्शनवर, म्हणजे कीजच्या आतल्या यंत्रणेवर अवलंबून आहेत. लिमोझचा बाजार तुमच्या जास्तीत जास्त वेगाच्या जरा खाली ठेवा, तो थेट कॅटाकोम्बमध्ये कोसळतो आणि तो धक्का स्पष्ट स्वरांनी बसतो, वेगाने नाही. बाबा यागा या रशियन लोककथेतल्या चेटकिणीच्या झोपडीतले ऑक्टेव्ह खांद्यातून आणि पाठीतून टाकायचे, मनगट घट्ट झालं की पुढच्या, शेवटच्या चित्रातल्या दरवाज्यासाठी काही उरत नाही.

आणि तो कीवचा दरवाजा. दुसऱ्या अलेक्झांडरवर १८६६ मध्ये झालेला हल्ला फसला त्याच्या आठवणीसाठी हार्टमनने तो आराखडा केला होता, प्रत्यक्षात तो कधी बांधलाच गेला नाही. इथे सगळे पहिल्याच ओळीत सगळं देऊन टाकतात. सुरुवातीला फक्त फोर्टे (मोठा आवाज, फोर्टिसिमोहून कमी) लिहिलंय. मधे दोनदा प्रार्थनेसारखा भाग येतो, तिथे संगीतकाराने भावनेशिवाय वाजवा असं स्वतः लिहून ठेवलंय, ते पाळा, तो दूरचा गायकवृंद आहे. मग घंटा सुरू होतात आणि त्या घंटांमधून प्रॉमेनाड परत वर येतं, म्हणजे चित्रं बघणारा माणूस स्वतःच चित्रात शिरतो. माझ्यासाठी अख्ख्या कामाचा अर्थ त्या जागी आहे, त्यामुळे तिथवर ताकद राखून ठेवायची.

घंटा वाजवायची कशी हे नीट शिकून घ्या कारण रशियन पियानो संगीतात त्या सगळीकडे आहेत, राखमानिनोव तर लहानपणी नोवगोरोदच्या सेंट सोफियाच्या घंटा ऐकत वाढला. खालचा स्वर लावण्याच्या किंचित आधी पेडल दाबलेलं हवं म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या असतात, हात वरून आपटायचा नाही, कीवर टेकवून दंडाचं वजन सोडायचं आणि स्वर लागल्या क्षणी ते वजन काढून घ्यायचं. वरच्या कॉर्ड्समध्ये करंगळीचा स्वर बाकीच्यांहून मोठा. सराव असा: कॉर्ड पूर्ण धरायची पण फक्त करंगळीचा स्वर मोठा काढायचा, बाकीचे जेमतेम. हा कंटाळवाणा सराव आहे आणि याने महिन्याभरात तुमचा आवाज बदलतो. लोक ज्याला रशियन टोन म्हणतात त्यात मला तरी याहून वेगळं रहस्य सापडलेलं नाही, बोटं कीजवळ, वजन पाठीतून, आणि कान सतत स्वराच्या शेवटाकडे.

हॉलच्या पियानोची चौकशी आत्ताच करा, डिसेंबरात नाही. लहान ग्रँडच्या खालच्या तारा आखूड असतात, त्यांचा आवाज गढूळ येतो, तिथे कीवच्या दरवाज्यात घरच्यापेक्षा बरंच कमी पेडल लागेल. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून कीज चिकटतात आणि पट्टी वर चढते, हिवाळ्यात कोरड्या हवेत ती उतरते, म्हणून ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच, पियानो स्टेजवर जिथे राहणार तिथे ठेवल्यावर. एसी लावणार असतील तर ट्यूनरच्या आधी काही तास चालू ठेवायला सांगा. आदल्या दिवशी दोन-तीन तास तो पियानो मिळवा आणि सगळा प्रोग्रॅम वाजवत बसण्यापेक्षा तीनच गोष्टी तपासा, पुनःपुन्हा ठोकलेला स्वर परत उठतो का, सॉफ्ट पेडलने आवाजाचा रंग किती बदलतो आणि उजवं पेडल किती खाली गेल्यावर धरतं.

पाठ वाजवायचं की नोट्स समोर ठेवून? रिख्तर शेवटच्या बऱ्याच वर्षांत अंधाऱ्या हॉलमध्ये छोट्या दिव्याखाली नोट्स ठेवून वाजवायचा, तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमच्या बाबतीत पिक्चर्स पाठ, प्रेल्यूड टॅबलेटवर चालतील. पण जे ठरवाल ते दोन महिने आधी ठरवा आणि बदलू नका.

वेळेचं म्हणाल तर गणपतीपर्यंत पहिला भाग नुसता हळू वेगात, दिवाळीपर्यंत पूर्ण वेगात, आणि दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा सगळं सलग, न थांबता, चुकलं तरी पुढे, त्याच कपड्यात आणि त्याच बुटात. पिक्चर्स रोज पूर्ण वाजवू नका, त्याने ते शिळं होतं. डिसेंबरात दोन-तीनदा कुणाच्या तरी घरी, वेगळ्या पियानोवर, चार-सहा लोकांसमोर वाजवा.

बोलायचं का, तर हो, पण एकदाच, पिक्चर्सच्या आधी दोन मिनिटं आणि मराठीतच. हार्टमनची गोष्ट सांगा, प्रत्येक चित्राचं नाव छापील कागदावर द्या. आणि शेवटच्या चित्रातलं शहर आज युक्रेनची राजधानी आहे हेही साधेपणाने सांगा. सध्याच्या काळात सगळा रशियन प्रोग्रॅम म्हटल्यावर हा विचार लोकांच्या मनात येतोच, प्रोकोफिएव्हचा जन्मही आजच्या युक्रेनमधल्या गावातलाच आहे. संगीत वाजवायचं आणि ते कुठलं आहे ते खरं सांगायचं.

एन्कोअर, म्हणजे शेवटी आग्रहावरून वाजवायचा जादा तुकडा, तयार ठेवा पण कीवच्या दरवाज्याशी स्पर्धा करणारा नको. लोक राखमानिनोवचा सी शार्प मायनर प्रेल्यूड मागतील, त्यात परत घंटाच आहेत, मी तो टाळेन. ल्यादोवचं म्युझिकल स्नफबॉक्स, ओपस ३२, दोन-अडीच मिनिटांचं, सगळं वरच्या पट्टीत आणि हलकं, थकलेल्या हाताला जमतं. हॉलच्या पियानोचा मेक आणि लांबी कळली की इथेच लिहा, आणि हाताचा पंजा किती ताणला जातो ते मोजून तेही सांगा, म्हणजे बी मायनर ठेवायचा की डी मेजर ते ठरवू आणि दरवाज्याच्या पेडलच्या खुणा मी मापांसकट लिहून देईन.